पाइपात शिरलेलं ‘बिबट्याचं पिल्लू’ : मखमलाबाद रोडवरचं एक प्रकरण

माझा धंदा जमिनी मोजायचा. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या पट्ट्यात द्राक्षबागा मोडून प्लॉट पडतात, तिथे मी टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून उभा असतो. प्राणी ओळखणं हा नाद. नाशकात पक्षी ओळखणारे पैशाला पासरी आहेत. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ असल्याचा तो गुण. पण रात्री भिंतीवरून काय गेलं हे सांगणारे मोजकेच, म्हणून ओळखीतल्या ओळखीत मला फोन येतात. वर्षाकाठी पंधरा-वीस. त्यातले निम्मे उदमांजराचे, चार-पाच मुंगसाचे, दोन-तीन भटक्या कुत्र्याचे, आणि एखादाच असा की पुढचे आठ दिवस डोक्यातून जात नाही. हे प्रकरण त्यातलं. ते सविस्तर लिहायचं कारण म्हणजे मी स्वतः त्यात आधी चुकलो.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहाला नानांचा फोन. नाना म्हणजे माझ्या मित्राचे वडील, मखमलाबाद रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीमागे मोकळा प्लॉट, त्यापलीकडे नाला, आणि थोडं पुढे गेलं की गंगापूर धरणाचा डावा कालवा.

“अरे, बिबट्याचं पिल्लू आलंय आपल्याकडे. आई कालव्याच्या झाडीत बसलीय म्हणतात. तू ये बाबा.”

“कोण म्हणतं आई बसलीय?”

“ग्रुपवर आलंय.”

मी पोचेपर्यंत अकरा सेकंदांची ती क्लिप चार ग्रुपवर फिरून आली होती. एका ठिकाणी ती पाथर्डी फाट्याची झाली होती, एका ठिकाणी देवळालीची. कुणीतरी आवाजी मेसेज टाकला होता की मादी पिसाळली आहे. शाळेच्या रिक्षावाल्याने फाटकापाशी यायला नकार दिला होता आणि मॉर्निंग वॉकचं मंडळ स्वेटर-कानटोपीत फाटकाच्या आतच गोल उभं होतं.

लोकांना हसायचं काही कारण नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला होता, माणसं जखमी झाली होती, बघ्यांची गर्दी आवरता आवरत नव्हती. नाशिककर ते विसरलेले नाहीत, आणि तेव्हापासून बिबट्याच्या बातम्या थांबलेल्याही नाहीत. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या व्यालेला असतो हे इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. तेव्हा ‘बिबट्या असू शकतो का’ या प्रश्नाला नाशकात ‘छे, कसं शक्य आहे’ असं उत्तर देताच येत नाही. असू शकतो. म्हणून तर आधी तेवढंच तपासायचं असतं.

दहा सेकंदांत दिलेलं उत्तर

नानांच्या मोबाइलवर क्लिप बघितली. वेळ रात्री २ वाजून ४७ मिनिटं. कॅमेरा फाटकाच्या खांबावर, भिंतीकडे तोंड करून. डावीकडून एक लांबट प्राणी भिंतीच्या पायथ्याने येतो, मध्ये थांबतो, कॅमेऱ्याकडे बघतो, डोळ्यांचे दोन पांढरे दिवे लागतात, मग उजवीकडे निघून जातो. अंगावर काहीतरी ठिपकेवजा. शेपूट लांब.

बिबट्या नव्हता. हे मी लगेच सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. एवढंसं बिबट्याचं पिल्लू म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचं. या वयात आई शिकारीला गेली की पिल्लं झाडोऱ्यात दडून बसतात, रात्री तीनला एकटी डांबरी रस्त्यावर फेरफटका मारत नाहीत. शिवाय पिल्लू म्हटलं की डोकं मोठं, पाय जाड, पंजे अंगापेक्षा थोराड आणि चाल लडबडती. हा प्राणी सरसर, सराईत चालत होता. तोंड निमुळतं, पाय आखूड, अंग जमिनीलगत. मोठ्या माणसाला लहान मूल समजण्यातला प्रकार.

डोळे चमकले याचं लोकांना फार वाटतं. मांजर, कुत्रा, गाय, बिबट्या, सगळ्यांच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो. अंधारात टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बोक्याचेही तसेच पेटतात. त्यावरून ओळख पटवायची म्हणजे हेडलाइटवरून गाडीचा मालक सांगायचा.

इथपर्यंत ठीक. पण नाना म्हणाले, “मग आहे काय ते?” आणि मी मोबाइल परत देता देता म्हणालो, “उदमांजर. दुसरं काय असणार?”

हे ‘दुसरं काय असणार’ ऐकलं की मला आता स्वतःचाच राग येतो. पंधरातल्या आठ फोनला उत्तर उदमांजर असतं म्हणून सोळाव्यालाही तेच चिकटवलं. उतारा न बघता गट नंबर सांगण्यासारखं झालं हे.

नानांनी ग्रुपवर टाकलं : “तज्ज्ञांच्या मते उदमांजर आहे, घाबरू नये.” त्यावर पाचव्या मिनिटाला एका वहिनींचा मेसेज : “म्हणजे मसण्याउदच ना? तो तर मढी उकरतो.” झालं. बिबट्या गेला आणि स्मशानातलं भूत आलं.

आपल्याकडे नावांचा हा घोळ मोठा आहे. उदमांजर, काळमांजर, कांडेचोर ही एकाच प्राण्याची नावं. मसण्याउद कुणी त्यालाच म्हणतं, कुणी आणखी कशाला. रानमांजर म्हटलं तर घरात नसलेलं कुठलंही मांजर त्यात बसतं. तेव्हा फोनवर कुणी नाव सांगितलं की मी ते कानामागे टाकतो आणि विचारतो : शेपूट केवढं, तोंड कसं, गेलं कुठे? त्या दिवशी मात्र हे तिन्ही प्रश्न मी स्वतःलाच विचारले नाहीत.

वॉचमनमामांचं म्हणणं

ते विचारायला लावलं वॉचमनमामांनी. मामा पेठ तालुक्यातले, साठीच्या आसपासचे. क्लिप मोबाइलवर सगळ्यांनी बघितली होती, पण प्राणी डोळ्यांनी बघितलेला एकटाच माणूस शेकोटीपाशी बसून होता आणि त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

“तुम्ही पाहिलंत का हो मामा?”

“पाहिलं ना. दोनदा पाहिलं. परवा पण आलं होतं.”

“काय वाटलं?”

“बिबट्या नाय. बिबट्या आला तर ही कुत्री माझ्या खुर्चीखाली आली असती. ही तर मागं लागली त्याच्या.”

“मग ते कुठे गेलं?”

मामांनी हात करून दाखवला. भिंतीच्या टोकाला पावसाळी पाण्याचा सिमेंट पाइप आहे, आतून मागच्या नाल्यात निघतो. “त्याच्यात शिरलं.”

“झाडावर नाही चढलं?”

“नाय साहेब. झाड तर हाताशी होतं. तिकडं बघितलं पण नाय त्यानं.”

भिंतीला लागून जुनं आंब्याचं झाड होतं. बाग होती तेव्हापासूनचं, फांद्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेल्या. उदमांजर झाडावरचं जनावर. कुत्री मागे लागली तर ते आधी वर जातं, वरून गच्चीवर, गच्चीवरून पत्र्यावर. नाशिकच्या जुन्या वाड्यांत माळ्यावर जे रात्री धावतं ते बहुधा हेच. हाताशी आंबा असताना ते जमिनीवरून पळून गटारात शिरेल, हे अशक्य नाही, पण त्याच्या रीतीचंही नाही.

मी नानांकडे गेलो आणि म्हणालो, “मघाशी बोललो ते थोडं थांबवू.” नाना चष्म्यावरून बघत राहिले. “ग्रुपवर काय टाकू?” “टाका की बिबट्या नाही हे नक्की. बाकी उद्या.”

‘काय नाही’ आणि ‘काय आहे’ हे दोन वेगळे जबाब आहेत. पहिला लवकर देता येतो आणि भीती घालवायला बहुतेक वेळा पुरतो. दुसऱ्याला स्वतःचा पुरावा लागतो. मी पहिल्याच्या भरवशावर दुसरा देऊन बसलो होतो.

भिंत मोजली

वन विभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवायला नानांना सांगितलं आणि मी मूळ क्लिपच्या मागे लागलो. फॉरवर्ड झालेली क्लिप दाबली जाऊन चिखल होते, म्हणून डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्यातून, पेनड्राइव्हवर घेतली. डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे निघालं. म्हणजे प्राणी आला होता २ वाजून ३६ मिनिटांनी, जे मामांच्या ‘अडीचच्या सुमाराला’ शी जुळत होतं. बारीकसारीक गोष्ट, पण घड्याळ चुकीचं असेल तर साक्षीदार खोटा ठरतो, म्हणून बघून घ्यावी.

कॅमेरा सेकंदाला पंधरा फ्रेम टिपत होता. त्यातल्या ज्यात प्राणी स्पष्ट, आडवा आणि न हललेला होता अशा निघाल्या नऊ.

आता माझ्या धंद्यातलं काम. भिंत सिमेंट ब्लॉकची होती, प्लास्टर न केलेली, नुसती चुना मारलेली. ब्लॉक १६ इंच लांब, ८ इंच उंच. म्हणजे मागे आपोआप आलेख कागद टांगलेला. प्राण्याची पाठ ब्लॉकच्या पहिल्या थराच्या जरा वर दिसत होती. पण एवढ्यावर माप काढलं तर चुकतं, कारण प्राणी भिंतीला चिकटून नव्हता, वीतभर पुढे होता, आणि कॅमेऱ्याच्या जवळ आलेली वस्तू मोठी दिसते. ‘केवढा मोठा होता’ च्या निम्म्या गोष्टी अशाच तयार होतात. मुंगूस कॅमेऱ्यासमोर आलं की तरस होतं.

म्हणून तळमजल्यावरच्या पोराकडून क्रिकेटचा स्टंप मागून घेतला. स्टंपची उंची ठरलेली असते, २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. मी आत स्क्रीनसमोर बसलो, पोरगा बाहेर. पावलं जिथे दिसत होती बरोबर तिथे स्टंप आधी उभा धरायला लावला, मग भिंतीशी समांतर आडवा ठेवायला. “डावीकडे. अजून. पुढे घे. हां, हलू नको.” कॅमेरा तोच, जागा तीच. उभा स्टंप पडद्यावर ११८ ठिपक्यांचा (पिक्सेलचा) भरला, आडवा १२१. प्राण्याची खांद्यापाशी उंची ४०. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ९५. शेपूट ६२.

त्रैराशिक मांडा : उंची २४ सेंटिमीटर, अंग ५६, शेपूट ३६.

मग एकेक उमेदवार उभा केला. वाघाटी, म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेलं आपलं सगळ्यांत लहान रानमांजर, घरच्या मांजरीपेक्षाही छोटं, अंग पन्नास सेंटिमीटरच्या आतच. ती बाद. लांब पायांचं मोठं रानमांजर, बाऊल, अंगाच्या लांबीने बसत होतं, उंचीने बसेना. ते पायावर उंच असतं आणि शेपूट तोकडं असतं. मुंगूस दिवसाचं जनावर, अंगावर ठिपके नाहीत. ते बाद.

उदमांजर? अंग बसलं. शेपूट अडलं. उदमांजराचं शेपूट जवळपास अंगाएवढं असतं. इथे ते अंगाच्या दोन-तृतीयांशाच्या आत होतं. आणि ज्या एका फ्रेममध्ये प्राणी कॅमेऱ्याकडे बघत होता, तिच्यात तोंडावर उदमांजराचा काळा बुरखा आणि डोळ्यांखालचे पांढरे डाग दिसत नव्हते. कान एकमेकांच्या फार जवळ होते, डोक्यावर जोडून शिवल्यासारखे.

इथे मी जवळजवळ दुसरी चूक करणार होतो. कागदावर ‘जवादी मांजर’ (उदमांजरासारखंच दिसणारं, पण भुईवर राहणारं जनावर) लिहिलं आणि प्रश्नचिन्ह न देता पेन खाली ठेवलं. मग लक्षात आलं की शेपटीचा शेंडा पांढरट असेल तर चुन्याच्या भिंतीवर इन्फ्रारेडच्या झोतात तो दिसणारच नाही. म्हणजे ३६ हे माप ‘निदान ३६’ असं वाचायला हवं. तोंडाचंही तसंच, इन्फ्रारेडमध्ये तपकिरी-काळपट रंग फिके पडतात, बुरखा धुवून निघालेला असू शकतो. प्रश्नचिन्ह टाकलं.

वाळू आणि लेंडी

वनरक्षक ताई दुपारी आल्या. लोकांनी त्यांच्यापुढे मोबाइल धरले. त्यांनी ते बघितले नाहीत, आधी विचारलं, “जमीन कुठे मऊ आहे?” मला त्यांच्याविषयी तिथेच आदर वाटला.

शेजारच्या बांधकामासाठी फाटकाबाहेर क्रश सँडचा ढीग टाकलेला होता, त्याच्या कडेला रात्रीच्या दवाने ओल धरली होती. कुत्र्यांनी बरंच तुडवलं होतं, पण पाइपाच्या बाजूला तीन ठसे शाबूत होते. लहान, गोलसर, रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे. चार बोटं.

ताई म्हणाल्या, “बिबट्याचा ठसा असता तर तुमचा तळहात निम्मा झाकला असता.” त्यांनी वहीत नोंद केली, आजूबाजूला दोनशे-तीनशे मीटर फिरून आल्या, कालव्याच्या बाजूला दुसरे ठसे नाहीत याची खात्री केली, मगच नानांना सांगितलं की पिंजरा लावायचं काही कारण दिसत नाही.

पण मला त्या चार बोटांनी धरून ठेवलं होतं. उदमांजर तळवा टेकवून चालतं, ओल्या मातीत त्याची पाचही बोटं उमटतात, लहान बाळाच्या पंजासारखी. जवादी मांजर बोटांवर चालतं. पाचवं बोट वर राहतं आणि सहसा उमटत नाही, त्यामुळे ठसा मांजरीसारखा दिसतो. अडचण हीच की मग तो मांजरीचाही असू शकतो, आणि सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या मावशींची मनी आहेच. मनीला उचलून वाळूवरून चालवलं. (मावशींची परवानगी घेऊन. मनीची नव्हती, तिने माझ्या मनगटावर तसं नोंदवलं.) मनीचा ठसा गोल, नखांची खूण नाही. आपल्या तिघांपैकी दोन ठशांत बोटांपुढे बारीक टिंबं होती. नखांची असावीत. वाळूचे कणही असू शकतात. अर्धा गुण.

पाइपाच्या तोंडाशी सिमेंटच्या पट्टीवर लेंड्या सापडल्या, जुन्या-नव्या, एकाच जागी. काडीने उकलल्या. हाताने करू नये, रोग असतात. आत उंदराचे केस, कसल्यातरी किड्याच्या पंखांचे चकाकते तुकडे, बोराच्या तीन बिया. उदमांजराच्या लेंडीत हंगामातल्या फळांच्या बियाच बिया असतात आणि जवळपास द्राक्षबागा असताना ते एवढे उंदीर-किडे कशाला खाईल असं मनात आलं. पण दोन्ही प्राणी मिळेल ते खातात. हाही अर्धाच.

स्टंप, वाळू, लेंडी मिळून माझ्याकडे दीड-दोन गुण जमले होते आणि तेही सगळे एका बाजूला झुकलेले. कोर्टात चाललं नसतं.

दिवा चालू ठेवला

यावरचा उपाय एवढा साधा होता की तो आधी सुचला नाही याची लाज वाटते. कॅमेरा अंधार पडला की इन्फ्रारेडवर जातो, म्हणून चित्र काळं-पांढरं. उजेड पुरेसा असेल तर तो रंगीतच राहतो. फाटकाचा दिवा वीजबिल वाचवायला अकराला बंद करायचा असा सोसायटीचा ठराव होता. नानांना म्हटलं, चार रात्री तो ठराव मोडा.

प्राणी बिचकून येणार नाही ही शंका होती. पहिली रात्र, काही नाही. दुसऱ्या रात्री मनी दोनदा. तिसऱ्या रात्री पहाटे सव्वातीनला तो आला. दिव्याकडे दुर्लक्ष करून भिंतीच्या पायथ्याने नाकाने हुंगत चालला, पाइपापाशी वळला, आणि वळताना शेपूट उजेडात सरळ आडवं आलं.

ती फ्रेम मी सकाळी नानांच्या टीव्हीवर मोठी करून बघितली. चहा गार झाला. अंग राखट-पिवळसर. पाठीवर गडद रेघा लांबीच्या दिशेने, बाजूला ठिपक्यांच्या ओळी, जणू कुणी टाक बुडवून टिंबं देत गेलंय. पाय काळपट. गळ्याला आडवे पट्टे. आणि शेपटीवर कडी. नानांनी काठीच्या टोकाने टीव्हीवर मोजली, मी मोजली, चहा घेऊन आलेल्या काकूंनी मोजली. सात. शेंडा पांढरट, चुन्यात विरलेला होता तोच. शेंडा धरून शेपूट पुन्हा मोजलं तर ४० सेंटिमीटर भरलं.

उदमांजराच्या शेपटीवर कडी नसतात. बिबट्याच्या अंगावर अशा सरळ ओळी नसतात. जवादी मांजर. शास्त्रीय नाव व्हायव्हेरिक्युला इंडिका. काही ठिकाणी त्याला कस्तुरी मांजर म्हणतात, कारण त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून जो उग्र वासाचा पदार्थ निघतो तो अत्तरात वापरत असत. जवादी हे नावही त्या पदार्थावरूनच. वजनाला दोन ते चार किलो. गवताळ, झुडपी जमिनीवर राहणारं, बिळात, दगडांच्या कपारीत, आणि आता आपल्या कृपेने पावसाळी पाइपात. चढायची वेळ आली तर चढतं, पण मुळात भुईवरचं. मामांनी पहिल्या सकाळी जे सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं. स्टंप-बिंप न आणता मी त्या एका वाक्यावर बसून विचार केला असता तरी पोचलो असतो.

माझं उत्तर चुकलं तरी बिबट्या नव्हता, मग एवढा आटापिटा कशाला, असं नानांच्या मुलाने मला विचारलं. प्रश्न रास्त होता. पण त्याच आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत होतं की प्राणी ‘वरून’ येतो म्हणून आंब्याच्या फांद्या तोडायच्या, माळ्याची भोकं बुजवायची, गच्चीच्या दाराला जाळी मारायची. म्हणजे उदमांजराचा बंदोबस्त. माझ्याच शब्दावर. आंबा हकनाक छाटला गेला असता आणि जवादी पाइपातून येतच राहिलं असतं.

उलट खरा प्राणी कळल्यावर पहिला विचार पाइपाच्या तोंडाला जाळी बसवायचा आला, आणि तोही धोक्याचा होता. आत पिल्लं असतील तर? जवादीची वीण वर्षात केव्हाही होऊ शकते, एका वेळी दोन ते पाच पिल्लं. जाळी लावून आई बाहेर अडकली तर आतली उपाशी मरतील आणि चार दिवसांनी सोसायटीला वास येईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे, त्याला कोंडणं-मारणं हा गुन्हा. ऊसतोडीत बिबट्याची किंवा वाघाटीची पिल्लं सापडली की वन विभाग ती संध्याकाळी त्याच शेतात ठेवतो, रात्रीत आई येऊन घेऊन जाते. तिथेही पहिली अडचण ओळखण्याचीच येते, कारण वाघाटीची पिल्लं हमखास बिबट्याची म्हणून खपतात.

काकूंनी तोड काढली. रांगोळी. पाइपाच्या दोन्ही तोंडांशी हातभर पट्टा त्यांनी रोज संध्याकाळी चाळणीने सारखा पसरला, आम्ही सकाळी वाचला. चार दिवस. नाल्याच्या बाजूने दोनदा आत, एकदा बाहेर, सोसायटीच्या बाजूने एकदा बाहेर, एकदा आत. सगळे ठसे एकाच मापाचे. आणि ठशांचा हिशेब असा की चौथ्या दिवशी सकाळी गडी आत होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी मामांनी त्याला नाल्याच्या तोंडातून निघताना बघितलं. पिल्लाचा माग कुठेच नव्हता. पाइप त्याचा रस्ता होता, फार तर दिवसाचा विसावा.

जाळी शेवटी बसली ती कचऱ्याच्या कोपऱ्याला. उंदीर तिथेच होते, आणि तो उंदरांसाठीच येत होता. पाइप उघडा ठेवायला दोन जणांचा विरोध होता, एकाचा अजून आहे. फाटकाचा दिवा पुन्हा अकराला बंद होतो.

महिन्याभरापूर्वी माझ्या मामेभावाने मालेगावहून एक क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, “आजच रात्री, आमच्या भागात बिबट्याचं पिल्लू, काळजी घ्या.” वेळेचा कोपरा कापलेला, चित्र आणखी चिखल झालेलं. मी प्राण्याकडे बघितलंच नाही. मागची भिंत बघितली. चुना मारलेले ब्लॉक, आणि तिसऱ्या थरात तो एक कोपरा उडालेला, जिथे आमच्या पोराने स्टंप टेकवला होता.